शब्दचर्चा: निर्बंध, मर्यादा, बंदी

डिचोलीहून प्रश्न:
आमच्या ग्रामसभेत खनिज वाहतुकीच्या धुळीवर बोलणं चाललं होतं. एकाने कंपनीचं नाव घेऊन टीका केली, तेव्हा समोरून ऐकू आलं, "अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मर्यादा असतात, बदनामीचा खटला होईल." बाहेर आल्यावर कोणी 'निर्बंध' म्हणालं, कोणी 'बंदी'. या शब्दांत फरक काय? इतिवृत्तात कोणता लिहायचा? शिवाय 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' असं तोडून लिहिलेलं चालतं का?

पणजी, वकील:
शेवटचं आधी सांगतो. शब्द जोडून लिहा आणि 'क्ति' ऱ्हस्व ठेवा. सुटा आला की 'अभिव्यक्ती', दीर्घ.

आता मूळ मुद्दा. मर्यादा माणूस स्वतः पाळतो. ती सोडली तर लोक नावं ठेवतील, पण तेवढ्यावरून पोलीस येत नाहीत. निर्बंध बाहेरून घातला जातो आणि तो कायद्यानेच घालावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद १९(२)मध्ये 'वाजवी निर्बंध' म्हटलंय. यातला 'वाजवी' मूळ मजकुरात नव्हता, १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. त्याच दुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राष्ट्रांशी मैत्री आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणंही वाढवली. म्हणजे सरकारचा हात लांब झाला, पण निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला. मला हा एक शब्द फार मोलाचा वाटतो. २०१५मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं कलम ६६अ रद्द झालं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चर्चा करणं आणि मताचा पुरस्कार करणं, ते मत कितीही नावडतं असो, हे संरक्षितच आहे. चिथावणीपर्यंत गेलं तरच कायदा आडवा येतो. कोणाला राग आला, हे कारण १९(२)मध्ये नाही. अब्रूनुकसानी मात्र आहे.

फोंडा:
वकीलसाहेब, 'दावा' आणि 'खटला' हेही वेगळे सांगायला हवेत. वर्तमानपत्रांत दोन्ही सरमिसळ येतात. भरपाई मागायची तर दिवाणी दावा, शिक्षा मागायची तर फौजदारी खटला.

पणजी, वकील:
बरोबर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस यात परस्पर तपास किंवा अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद द्यायची. म्हणून 'पोलिसांनी बदनामीचा गुन्हा नोंद केला' हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. आणि खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली, तर ती बदनामी ठरत नाही. धूळ खरोखर उडत असेल तर हा अपवाद ग्रामसभेतल्या त्या माणसाने लक्षात ठेवावा.

म्हापसा:
'सेन्सॉर' राहिला. पोर्तुगीज अमदानीत छापण्यापूर्वी मजकूर तपासून घ्यावा लागे, त्याला सेन्सॉर म्हणतात. बोलून झाल्यावर जे होतं ती शिक्षा. १९५४मध्ये आमच्या म्हापशात एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं कोणी म्हणालं. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे निषेधाचा शब्द उच्चारला. त्यांना अटक करून पोर्तुगालला पाठवलं. त्या एका अटकेने इतर किती जणांनी जीभ आवरली असेल, ते कुठल्याच कागदावर यायचं नाही. आजही समन्स आलं की शेजारचे चार जण आपलं लिखाण पुसून टाकतात. निकाल वर्षांनी लागतो, धास्ती त्याच दिवशी बसते. याला बंदी म्हणता येत नाही, कारण हुकूम कोणी काढलेलाच नसतो. मी 'दहशत'ही म्हणणार नाही, 'धास्ती' हाच नेमका शब्द.

डिचोली:
मग इतिवृत्तात काय लिहू?

पणजी, वकील:
'मर्यादांची आठवण करून दिली' असं लिहू नका. 'खटल्याची धमकी दिली' लिहा, आणि कोणी दिली तेही. टीका करणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घाला.