मदत हवी आहे: मावशीकडून रोख रक्कम भेट घेताना कराचं काय?

नमस्कार मंडळी,

घर घेतेय. मावशी तीन लाख रुपये देते म्हणाली, परत करायचे नाहीत या बोलीवर. पैसे तिच्याकडे रोख आहेत.

ती आईची सख्खी बहीण, म्हणजे आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसते. रक्कम कितीही असली तरी अशा भेटीवर मला कर नाही. इथवर खात्री आहे. अडतंय ते रोखीपाशी. कलम २६९एसटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीप्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, त्यात नातेवाइकांनाही सूट नाही. दंड घेणाऱ्याला, आणि तोही घेतलेल्या रकमेएवढा! घरचे म्हणतात, दोन-तीनदा थोडे थोडे घे. पण एकाच प्रसंगाशी संबंधित रोख एकत्र मोजतात ना? घराचं डाउन पेमेंट हा ‘एकच प्रसंग’ धरतील का?

त्यापेक्षा मावशीने पैसे स्वतःच्या खात्यात भरून मला चेक द्यावा, हे मला जास्त सुरक्षित वाटतं. धास्ती एवढीच की एकदम एवढी रोख भरल्यावर तिला विचारणा होईल का. पैसे तिच्या पेन्शनचेच आहेत, वेळोवेळी बँकेतून काढून बाजूला ठेवलेले. पासबुकातल्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून पुरतात का? तिचं वय झालंय. माझ्यापायी तिला नोटीस यावी हे मला अजिबात नको आहे.

मावसभाऊही साठ हजार देतोय. तो मात्र व्याख्येत येत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण भेट ५०,००० च्या वर गेली की वरचे दहा नव्हे, पूर्ण साठ हजार माझ्या उत्पन्नात धरले जातील. त्याने ते मावशीला द्यावेत आणि तिने मला, असा सल्ला एकांनी दिला. मला तो पटत नाही, कारण सरळ कर चुकवण्यासाठी केल्यासारखं दिसेल. चेकने बिनव्याजी उसने घेतले तर चालतील का? २०,००० किंवा जास्त रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही, हे माहीत आहे.

भेटपत्र साध्या कागदावर सही करून पुरतं की स्टॅम्प पेपर हवाच? आणि मावशीची रक्कम रिटर्नमध्ये दाखवावी का?

सीए मंडळींनी किंवा असा व्यवहार केलेल्यांनी कृपया सांगा. मावशी बँकेत जायची घाई करतेय, तिला तोवर थांबवून ठेवलंय.