गोव्यात ठेवायला शिडाची बोट: ही घ्यावी काय?

टिळकवाडीकर: आम्ही चौघं, धाकटी सात वर्षांची. चोर्ला घाटातनं पंधरवड्याला गोव्याला जाणं होतंच, म्हणून जुनी २६ फुटी शिडाची बोट बघून आलो. दिसायला झकास, पण केबिनमध्ये शिरलो तर भट्टी! कील, म्हणजे बुडाखालचा उभा पंखा, पाण्याखाली दीड मीटर जाते. घ्यावी काय?

कारवारचा जावई: दीड मीटर जरा जास्तच हो. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, ओहोटीला रुतलात की भरतीपर्यंत बसा भजी खात. मीटरभरात भागणारी बघा. वर कापडी छत हवंच. आणि परत भर दुपारी बाराला जाऊन केबिनात बसा. संध्याकाळी सगळ्याच बोटी गार वाटतात.

खानापूरकर: कॅटामरान, म्हणजे जोडबुडाची बोट, घ्या की! फारशी कलत नाही, उथळातही चालते.

टिळकवाडीकर: रुंद म्हणून जागेचं भाडं दुप्पट सांगितलं मला. जमायचं नाही.

कारवारचा जावई: मग एकाच बुडाची. शिडाची शिवण नखानं ओढा. दोरा पटकन तुटला तर उन्हानं खाल्लाय, किमतीत तेवढं कमी करून घ्या. जून ते सप्टेंबर बोट किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागणार, तेही हिशेबात धरा.