क्लिपलेस पेडलची सवय कशी करावी? (बूट व पेडल मिळून ६,०००)

फुटाळा_पहाटे: नमस्कार. मी एक्केचाळीस वर्षांची असून दर रविवारी नागपुरात सिव्हिल लाइन्सहून गोरेवाड्यापर्यंत सायकलने जाऊन येते. पावसाळ्यात साध्या पेडलवरून पाय घसरतो, म्हणून क्लिपलेस, म्हणजे बूट अडकवून धरणारे पेडल घ्यावेत असा विचार आहे. मात्र पाय अडकून भर चौकात आडवी होईन, ही धास्ती जात नाही. कोणते घ्यावेत आणि सराव कसा करावा?

वर्धारोड_वारा: ताई, सहा हजारांत काही होत नाही. मी कार्बन तळव्याचे बूट आणि तीन बोल्टचे रोड क्लीट (बुटाच्या तळव्याला लावायचे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) घेतले. जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत जाताना पडणारा फरक सांगून कळायचा नाही. थोडे थांबून एकदाच चांगले घ्यावे.

काळीमाती: हा सल्ला कृपया मानू नये, कारण त्या बुटांत चहाच्या टपरीपर्यंत चालायचे म्हटले तरी बदक होते. दोन बोल्टचे एसपीडी (शिमानो कंपनीच्या पद्धतीचे पेडल व क्लीट) घ्या. त्यांचे क्लीट तळव्याच्या खाचेत दडते. शिमानोचे एसएच५६ क्लीट निवडा, कारण टाच बाजूला वळवूनच नव्हे, तर पाय तिरका वर ओढूनही ते सुटते. पेडलमधील स्प्रिंगचा ताण ३ मिमीच्या ॲलन कीने अगदी सैल करावा आणि भिंतीला टेकून प्रत्येक पाय पन्नास वेळा तरी अडकवून सोडवावा. गोरेवाड्याकडील चिखल मात्र क्लीटमध्ये घट्ट बसतो. तो काडीने उकरावा लागतो.

बर्डीचा_बापू: मी लॉ कॉलेज चौकात पडलो. डावा पाय वेळेवर सोडवला होता, परंतु सायकल उजवीकडे कलली आणि उजवा पाय घाबरून सरळ वर ओढत राहिलो. कोपर सोलले, आणि ऑटोवाल्याने मला उठवण्याआधी सायकल उठवली, याचे दुःख अधिक आहे.

तर्कट: पाय अडकतो, तरी नाव क्लिपलेस कसे?

काळीमाती: जुन्या पेडलवर बोटे धरणारी टो-क्लिप आणि पट्टा असे, ती क्लिप गेली, म्हणून क्लिपलेस. बर्नार्ड इनो यांनी १९८५ ची टूर द फ्रान्स लुक कंपनीच्या अशाच पेडलवर जिंकली.

रेशीमबागकर: एसएच५६ घ्या, असे मीही सुचवतो.

तर्कट: ते वर सांगून झाले आहे.

रेशीमबागकर: मग न सांगितलेले सांगतो. क्लीटचे दोन्ही बोल्ट पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा. माझा एक बोल्ट गळून पडला होता. टाच कितीही वळवली तरी बूटच क्लीटभोवती फिरे आणि क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी राही. शेवटी बुटातून पाय काढून उतरलो.

फुटाळा_पहाटे: सर्वांचे आभार. एका बाजूने सपाट व दुसऱ्या बाजूने एसपीडी असलेले पेडल आणि मैत्रिणीचे वापरलेले बूट मिळून ५,४०० रुपयांत जमले. एसएच५६ घेतले आहेत, परंतु महिनाभर क्लीट केवळ उजव्या बुटालाच लावणार आहे. डावा पाय मोकळा हवा.

काळीमाती: असे कोणी करत नाही. दोन्ही पाय एकदमच शिकावेत.

वर्धारोड_वारा: वापरलेले बूट?

बर्डीचा_बापू: ताई, निदान थांबताना डावीकडेच कला. माझे सगळे तिथेच चुकले होते.