लिथियम आणि रक्तातली जीन्स
वर तुम्ही म्हणताय की बायपोलर डिप्रेशनमध्ये गोळ्या सुरू केल्यावर रक्तातल्या जीन्सचं एक्स्प्रेशन (कुठलं जीन किती काम करतंय ते) बदललं म्हणजे औषध लागू पडलं, मला हे इतकं सरळ वाटत नाही. माझ्या भावाला लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू झालं आणि सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी वाढलेल्या आल्या, आम्ही इन्फेक्शन समजून घाबरलो तर डॉक्टर म्हणाले लिथियमने न्यूट्रोफिल्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बऱ्याचदा वाढतात. मग अशा रक्तातला आरएनए (चालू असलेल्या जीन्सची पेशीत बनणारी प्रत) मोजला की न्यूट्रोफिल्सची जीन्स जास्त दिसणारच ना, पेशीच्या आत काही बदललेलं नसलं तरी! म्हणून आधी पेशींचं प्रमाण हिशोबात धरा, आणि बरं वाटलेले पेशंट न वाटलेल्यांपासून वेगळे काढून बघा. तोवर रिपोर्ट बघून कुणी गोळ्या बंद करू नका प्लीज.