उद्यमबागेतलं काम सुटतंय; चाकणला जावं की गोकुळ शिरगावला?

अनगोळचा सेटर
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अकरा वर्षं व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सेटर आहे, म्हणजे मशीनवर जॉब आणि टूल लावून देतो, हायड्रॉलिक पंपाच्या बॉड्या करतो. ऑर्डरी घटल्या, आधी तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी. परवा आम्हा काही जणांना ऑफिसात बोलावून, 'राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो' म्हणून सांगितलं. उद्यापासून येऊ नका म्हणे. मी सही केलेली नाही.

घरात आई, बायको, आणि मुलगी यंदा दहावीत, मराठी माध्यमात. पुण्याजवळ चाकणला ठेकेदारामार्फत काम हाय: बारा तासांची पाळी, पगार इथल्यापेक्षा बरा. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एकजण थेट कंपनीच्या रोलवर घेतो म्हणतोय, पण पगार इथल्याएवढाच. बिऱ्हाड हलवावं की एकट्यानं जावं? रात्री झोप लागत नाही. आईला अजून बोललेलो नाही. सुट्टी लांबली म्हणून सांगायलोय.

खानापूरकर, सध्या भोसरी
दादा, कुठं जायचं ते नंतर. आधी त्या राजीनाम्याला हात लावू नका. कंपनीनं कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. स्वतः राजीनामा दिला की ही भरपाई गेली. 'कामावरून कमी केल्याचं पत्र द्या' एवढंच म्हणा, आणि तेही लेखी मागा.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं भरली की ती राजीनामा दिला तरी मिळते. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. समजा मूळ आणि भत्ता मिळून 13,000 असेल, तर वर्षाला 7,500, अकरा वर्षांचे 82,500. भरपाईत ग्रॅच्युइटी मिसळून एकच आकडा दाखवला तर दोन्ही वेगळे लिहून मागा. टाळाटाळ झाली तर कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज द्या. सगळे मिळून गेलात तर बरं.

पीएफ काढू नका. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून नव्या ठिकाणी वळवून घ्या. दहा वर्षं भरली असतील तर पेन्शनचा हक्क लागलाय.

निपाणीची
दादा, मुलीला यंदा हलवू नका, हात जोडून सांगते. तिकडं महाराष्ट्रात बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी. दहावीच्या मधोमध लेकराला कुठं टाकताय? आमचे हे चाकणला आहेत. पगार वाढला खरा, पण खोलीभाडं, मेस, आणि बारा तासांनंतर फोनवर बोलायचंही त्राण उरत नाही. पोरांचा अभ्यास, सासूबाईंचा दवाखाना सगळं माझ्यावर. वहिनींना विचारून ठरवा. आणि आईंना आजच सांगा. त्यांना तुमच्या तोंडावरून कधीच कळलं असेल.

कागलवाला
गोकुळ शिरगाव हायवेलाच आहे, बेळगावहून कोल्हापूरच्या अलीकडं उतरायचं. सुट्टीच्या आदल्या रात्री घर गाठता येतं. चाकणहून ते दर आठवड्याला जमत नाही. पगार ठरवण्याआधी शॉपवर उभं राहून बघा: मशीनचा कंट्रोल फॅनुक कंपनीचा की सिमेन्सचा, प्रोग्राममध्ये बदल करू देतात काय, ओव्हरटाइम दुप्पट देतात काय, पीएफ-ईएसआय (दवाखान्याचा सरकारी विमा) पहिल्या महिन्यापासून की 'नंतर बघू'? 'नंतर बघू' म्हणाले तर परत या. चांगला सेटर इकडं सहज मिळत नाही, म्हणून पगार मान खाली घालून मागू नका. ट्रायलला एक जॉब लावायला सांगतील. स्वतःचं मायक्रोमीटर न्या.

अनगोळचा सेटर
सगळ्यांचे मनापासून आभार. कमी केल्याचं पत्र लेखी मागितलंय, सोबतच्यांनाही सही करू नका म्हणून फोन केले. बायकोचं म्हणणं निपाणीच्या ताईंसारखंच: दहावी होईपर्यंत बिऱ्हाड अनगोळातच. मी ट्रायलला जायलोय. कागलवाले, खोली कागलात बघू की गोकुळ शिरगावातच?

कागलवाला
रात्रपाळी असेल तर गोकुळ शिरगावातच बघा. ट्रायलच्या दिवशी कळवा, मी येतो सोबत.