पाँ द्यु गार: वीस किलोमीटरच्या अंतरासाठी पन्नास किलोमीटरचा पाट का?

प्रश्न
दक्षिण फ्रान्समधील नीम शहराला पाणी नेणाऱ्या रोमन पाटाविषयी मी सध्या वाचत आहे. युझेसजवळचा झरा शहरापासून सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटरवर आहे, पाट मात्र ५० किलोमीटरचा बांधला. एवढा वळसा कशासाठी घेतला असावा? गार्दों नदीवरून हा पाट नेणारा तिमजली जलसेतू, म्हणजेच पाँ द्यु गार, रोमन सेनापती अग्रिपाने इ.स.पूर्व १९ च्या सुमारास उभारला, हे अजूनही ग्राह्य मानले जाते का?

उत्तर १
वळसा उताराने घ्यायला लावला. झरा आणि शहर यांच्यामध्ये टेकड्या आहेत. त्यांना बगल देत, पाणी केवळ आपल्या वजनाने वाहील अशा बेताने पाट न्यायचा होता. संपूर्ण मार्गावर पाट जेमतेम साडेबारा मीटर उतरतो, तर जलसेतूवर हा उतार अवघा अडीच सेंटीमीटर आहे. त्या काळच्या पाणसळीने एवढा बारीक उतार साधणे, हे मला ४९ मीटर उंचीच्या त्या कमानींपेक्षाही मोठे काम वाटते. अग्रिपाचे नाव मात्र आता मागे पडले आहे. उत्खननात सापडलेली नाणी आणि खापरे पाहता बांधकाम इ.स. ४० ते ६० च्या दरम्यानचे मानले जाते.

उत्तर २
बांधणीबद्दल थोडे सांगतो. खालच्या दोन मजल्यांचे चिरे चुन्याशिवाय बसवलेले आहेत आणि त्यांतील काहींचे वजन सहा टनांपर्यंत भरते. दर्शनी भागात जागोजागी पुढे आलेले दगड दिसतात, ते परांचीला आणि कमानीखालच्या लाकडी साच्याला टेकू देण्यासाठी ठेवलेले होते. काही चिऱ्यांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणाही वाचता येतात: ‘पुढची बाजू, डावीकडे, तिसरा’ अशा अर्थाची खूण पाहिली की चिरा जागेवर चढवणारा माणूस समोर उभा राहतो.

उत्तर ३
या पाटाचा पुढचा इतिहास त्याच्या आतल्या भिंतींवर साठला आहे, आणि जलसेतूच्या देखण्या छायाचित्रांमुळे त्याकडे दुर्लक्ष होते याचे मला वाईट वाटते. झऱ्याचे पाणी चुनखडीयुक्त असल्याने पाटाच्या भिंतींवर क्षार धरत असे. चौथ्या शतकानंतर देखभाल ढासळली, थर खरवडून काढणे थांबले आणि सुमारे १.२ मीटर रुंदीच्या पाटात दोन्ही बाजूंना जवळपास अर्ध्या मीटरपर्यंत क्षार चढले. पाणी बंद झाल्यावरही जलसेतू टिकला, कारण लोक त्यावरून नदी ओलांडत आणि त्यासाठी पथकर घेतला जाई. सतराव्या शतकात तोफा नेण्यासाठी दुसऱ्या मजल्याचे खांब एका बाजूने तासले गेले, त्यामुळे बांधकाम कमकुवत झाले. १७४३ ते १७४७ या काळात अभियंता आंरी पितोच्या आराखड्यानुसार शेजारी रस्त्याचा पूल जोडला गेला.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पाट शहरात नेमका कुठे संपत असे?

उत्तर १
नीममध्ये त्याचे वाटपकुंड अजून उभे आहे. साडेपाच मीटर व्यासाच्या त्या गोल दगडी हौदाच्या भिंतीत दहा भोके आहेत; तेथून शिशाच्या नळांनी पाणी कारंजी, स्नानगृहे आणि घरे यांच्याकडे जाई.