डिसेंबरात दोघांनीच गाडीने वऱ्हाडातले किल्ले पाहायचेत, वाट कशी आखावी?

दारव्ह्याची सून
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मध्यावर आम्ही दोघंच गाडी घेऊन निघायचं म्हणतोय. चार-पाच दिवस हाताशी आहेत. मुलं शिकायला बाहेर, सासूबाईंजवळ नणंद येऊन राहणार, म्हणून हे जमतंय. आजवर आमचं फिरणं म्हणजे शेगाव, माहूर आणि लग्नकार्यं. यांना इतिहासाचं भारी वेड. मला गावागावातून जाणारा रस्ता आवडतो, मोठा हायवे नको वाटतो. यांनी गाविलगड, नरनाळा, बाळापूर, सिंदखेडराजा आणि चंद्रपूर अशी यादी केली आहे. एका खेपेत होईल का? यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे फार चढण नको. गाडी लहान आहे, घाटात चालेल ना?

परतवाडेकर
वहिनी, चंद्रपूर या खेपेला सोडा. ते दुसऱ्या टोकाला आहे, दोन दिवस नुसते गाडीत जातील. बाकीचे सगळे एका माळेत बसतात. दारव्हा, नेर, बडनेरा, अमरावती करत परतवाड्याला या. टाकी इथंच भरा, हवा तपासा आणि दुपारीच चिखलदऱ्याचा घाट चढा, गाविलगड तिथंच आहे. लहान गाडी आरामात चढते, फक्त उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. सकाळी धुकं असतं. अंधार पडल्यावर मेळघाटात गाडी चालवू नका, सांबर आणि रानडुकरं अचानक आडवी येतात. मोबाईलला रेंजही कुठं असते, कुठं नसते. वाटेत गवळ्यांच्या दुकानात खवा आणि रबडी मिळते, तिथं थांबाच.

चिखलदऱ्याला दोन मुक्काम करा. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत मजा जाते. गाविलगडाच्या दाराजवळपर्यंत गाडी जाते, आत मात्र बरंच चालावं लागतं. दादांना म्हणावं, सगळा गड पाहायचा हट्ट नको. दरवाजे, देवतलाव आणि मशीद, एवढं सावकाश पाहिलं तरी सकाळ जाते. दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय, हत्ती पकडलेला. तिथं घाई करू नका. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा कोरीव काम उठून दिसतं.

अकोटचा मास्तर
परतवाडेकरांशी सहमत. थोडी भर घालतो, कारण दादांना इतिहासाची आवड आहे म्हणता.

तुमची तारीख आणि तुमची वाट, दोन्ही १८०३ च्या आहेत. २९ नोव्हेंबर १८०३ ला इंग्रजांनी आमच्या भागातल्या अडगावला भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि तिथून ते गाविलगडावर गेले. दक्षिणेची बाजू ताशीव कड्यांची. म्हणून इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेला लबाडा गावाकडे ओढत नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून हल्ला झाला. आतला तट मात्र शाबूत होता, तिथं शिड्या लावून सैनिक चढले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावला नागपूरच्या रघूजी भोसल्यांशी तह झाला आणि ३० तारखेला सुर्जी अंजनगावला शिंद्यांशी. वऱ्हाड नागपूरकरांच्या हातून गेलं ते या तीन आठवड्यांत.

म्हणून चिखलदऱ्याहून उतरल्यावर परतवाडा, अंजनगाव, अकोट हाच रस्ता धरा. सातपुडा उजव्या हाताला सोबत चालतो. परतवाड्याजवळच अचलपूर आहे, वऱ्हाडच्या इमादशाही सुलतानांची राजधानी. तिथला हौजकटोरा, म्हणजे हौदातला जुना मनोरा, थोडा वेळ थांबून पाहा. आधी संत्र्याच्या बागा लागतात, अंजनगावला पानमळे आणि पानपिंपरी नावाची औषधी वेल, मग कापूस आणि तूर. ताई, तुम्हाला जो रस्ता हवाय तो हाच आहे.

नरनाळ्याला शहानूरहून जायचं. तिथं वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश घ्यावा लागतो. तुमची गाडी वरपर्यंत सोडतात का, वाटाड्या घ्यावा लागतो का, आणि त्या दिवशी जंगल उघडं आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. नियम बदलत असतात. वर एकच गोष्ट पाहायला वेळ मिळाला तर महाकाली दरवाजा पाहा. फत्तेउल्ला इमादुल्मुल्कने १४८७ मध्ये बांधलेला, पांढऱ्या वालुकाश्माचा. दोन्ही बाजूंना पुढं आलेले सज्जे, त्यांना दगडी जाळ्या, वर कमळं आणि अरबी लेख. काळ्या दगडाच्या आपल्या मुलखात असा दरवाजा मी दुसरा पाहिलेला नाही. माझा जीव त्या दरवाज्यात आहे, म्हणून एवढं लिहितो. पोरांना नेतो तेव्हा आधी जाळीतून पलीकडं पाहायला सांगतो, माहिती नंतर.

पूर्णाकाठ
अकोट ते अकोला हा खारपाणपट्टा आहे ताई. विहिरीचं पाणी खारट लागतं, पिण्याचं पाणी अकोटलाच भरून घ्या. या पट्ट्यातला हरभरा डिसेंबरात मस्त दिसतो बरं का!

अकोल्याहून बाळापूर अर्ध्या-पाऊण तासावर आहे. किल्ला मन आणि म्हैस नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर, उंच विटांचा तट, एकात एक दरवाजे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहाने सुरू केला, अचलपूरच्या नवाब इस्माईलखानाने १७५७ मध्ये पुरा केला. चढण फारशी नाही, दादांच्या गुडघ्याला सोपा. आत सरकारी कचेऱ्या आहेत, कामाच्या दिवशी गेलात तर बरं. नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगाची छत्री चुकवू नका, संध्याकाळी तिथं बसायला फार छान वाटतं.

चांदागडी
चंद्रपूर सोडा म्हणता, मान्य. पण वहिनी, नावच काढून टाकू नका. गोंड राजांचा परकोट, जटपुरा दरवाजा, अंचलेश्वर, बल्लारपूरचा किल्ला, वर भद्रावती, हा पुढच्या हिवाळ्याचा वेगळा प्रवास होऊ द्या. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी सगळं लिहीन.

दारव्ह्याची सून
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचं लिखाण यांना वाचून दाखवलं, तेव्हापासून कागदावर नवीन नकाशा चाललाय. चंद्रपूर पुढल्या वर्षी, नक्की. आता एकच विचारते. बाळापूरनंतर सिंदखेडराजा करून परत कसं यावं? लोणार मध्ये बसेल का? जेवणाचंही सांगा, मला हॉटेलचं पनीर नको.

मेहकरवाला
बसेल. बाळापूर, खामगाव, मेहकर असं या आणि मेहकरला मुक्काम ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी लोणार. काठावरून सरोवर पूर्ण दिसतं, दादांना खाली उतरायची गरज नाही. गावातलं दैत्यसूदन मंदिर निवांत पाहा, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं एकेक करून बघण्यासारखी आहेत. दुपारनंतर सिंदखेडराजा: लखुजी जाधवांचा वाडा, जिथं १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला, मग लखुजींची समाधी आणि मोती तलाव. समाधीचा घेर पाहूनच जाधवांचं वजन कळतं. १२ जानेवारीला तिथं पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात शांत असतं.

परतीला हायवे नको म्हणालात, तरी या एका दिवशी ऐका. सिंदखेडराजाहून समृद्धी महामार्गावर चढा, कारंजाला उतरा, तिथून दारव्हा जवळच. मात्र समृद्धीवर चढायच्या आधी टायर तपासा आणि थकवा असेल तर मुक्काम वाढवा.

जेवायला खानावळीत आधी सांगून ठेवलं तर भाकरी, वांग्याचं भरीत, पाटवडी रस्सा करून देतात. रस्सा कमी तिखट हवा तर तेही आधीच सांगा. आणि खामगावहून शेगाव जवळ आहे, कचोरी खायला वाकडी वाट करायची तर त्याच दिवशी करा.